मनगटाचा पट्टा

मिनिनने मस्कतहून आणला तो कन्सोल
खजुराच्या खोक्यात, बनियनमध्ये गुंडाळून.
म्हणाला, पास्कू, यात बटणं विसर.
हात हलवायचा. नुसता हात.

तिठ्यावर मयेकरांच्या हितेशचं दुकान:
एसी, काळ्या खुर्च्या, सोळा-सोळा बटणांचे रिमोट,
पोरं दारात चपला काढून आत जातात.
माझी सर्जेकोट जेटीमागची एक खोली,
एक पंखा, एक टीव्ही,
बाहेर पत्र्यावर सुकत घातलेला गोलमो.
मला काहीतरी वेगळं हवंच होतं.

पहिले तीन महिने काय सांगू.
तन्वेशने टेनिस खेळताना ट्यूबलाइट फोडली.
लिलाव आटपून फिलू आणि कुंदा
पदर खोचून बोलिंगला उभ्या राहिल्या.
जन्मात असलं बटण न दाबलेल्या कुंदाने
सलग चार वेळा दहाही बाटल्या आडव्या केल्या,
आणि कुणाला तरी आठवून पाचव्यांदा.
पायाखालच्या पाटावर वजन कळतं म्हटल्यावर
तिने त्यावर बांगड्यांची पाटी ठेवली.
तन्वेशने पडद्यावरचं वाचून दाखवलं:
आपण व्यायाम वाढवावा.

मग नवे गेम यायचे बंद झाले.
पोरांना बंदुका हव्या होत्या,
माझ्याकडे बोलिंग, टेनिस, आणि एक गाय पळवायचा गेम.
तन्वेश म्हणाला, काका, हात दुखतो.
हितेशकडे बसून खेळता येतं.
एवढंच.
एवढ्या एका वाक्यावर मोठमोठ्या कंपन्या बुडत असतील.

त्याच आठवड्यात आला सगुण कुबल.
कोळंबच्या खाडीत पाग टाकणारा शेवटचा वगैरे नाही,
अजून चौघे आहेत,
पण याचा पाग पाण्यावर ताटासारखा गोल पडतो.
त्याला मासे धरायचा गेम लावून दिला.
त्याने आधी पट्टा काढला, मनगट अडतं म्हणून.
मग पाण्याकडे पाहिलं, म्हणजे टीव्हीकडे,
इतका वेळ, की गेमने दोनदा विचारलं, आहात ना?
मग कमरेतून वळला, खांदा सैल सोडला, आणि

बरोबर मधोमध.

रिमोटला ओरखडाही नाही.
पडद्यावर शाई सांडल्यासारखा डाग पसरत गेला.
तो थांबल्यावर मी म्हटलं,
अहो, हे हातातून सोडायचं नसतं.
तो बघत राहिला, खरोखरच न कळून.
"सोडूचा नाय तर पाग पडतलो कसो?"

संध्याकाळी भरपाई म्हणून
केळीच्या पानात चार बोय ठेवून गेला.
टीव्ही अकरा हजारांचा.

रात्री मिनिनचा फोन:
चालतं का रे ते? टिकतं का मयेकरापुढे?

काय सांगणार.
बाहेर समुद्रावर एलईडीच्या बोटी,
रात्रीची दुपार करून बसलेल्या.
आणि सगुण खाडीत, मांडीभर पाण्यात,
जिथे त्या आल्या तर रुततील.
तो त्यांच्यापुढे टिकतो असं नाही.
तो त्यांच्या पुढ्यातच नाही.
मिळतं एका वेळचं कालवण,
आणि अमावास्येच्या आसपास कधी कधी तेही नाही.
हे मस्कतला फोनवर कसं सांगायचं?
मी म्हटलं, चालतंय. बोय खाल्ले.

टीव्ही तसाच ठेवलाय.
डागाच्या डावीकडे बोलिंगची अर्धी गल्ली दिसते.
हितेशकडेही आता गर्दी नाही, सगळी पोरं
जेटीच्या कठड्यावर मोबाइलमध्ये मान घालून.
कुंदा मात्र येते, दुपारी, वीस रुपये ठेवते,
डागापलीकडच्या बाटल्या न बघता पाडते,
आवाजावरून मोजते किती गेल्या.
पट्टा मी स्वतः बांधतो तिच्या मनगटाला,
दुहेरी गाठ मारून.
ती म्हणते, इतको कित्याक आवळतंस?